मागच्याला कळावं म्हणून

रेणापुरात माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान,
गाड्या घेऊन इथं सहसा कुणी येत नाही.
दैवशाला घुगे आली.
चार फुगीर चाकं, हँडल, वर फाटकी गादी,
अंबाजोगाईकडच्या बंद पडलेल्या पार्कातली गाडी ती.
पोरं तिकीट काढून तिच्यावर गोल गोल फिरायची.
हिनं भंगाराच्या भावात उचलली, किलोवर.
आता तिच्यावर कडबा, पेंड, दुधाचे कॅन,
आणि जिथं मोटारसायकल मांडीएवढी रुतते
त्या काळ्या रानातून ती म्हशीसारखी निघते,
घाई न करता.

"मागं लाल दिवा लाव," म्हन्ली.
"ब्रेक दाबला की लागला पायजे."
म्हटलं, रानात कोण बघणार लाल दिवा?
"अवधूत."

गेल्या शनिवारी, दिवेलागणीला,
ही पुढं, लेक मागं लुनावर.
ओढ्याच्या उतारावर टिटवी उठली पायातून,
ही थांबली.
तो थांबला नाही.
वीस लिटर दूध भेगांनी पिऊन टाकलं,
पोराचा पुढचा दात गेला.
"दात काय दुधाचा नव्हता," म्हन्ली,
हसली,
आणि मधेच हसायची राहिली.

माझ्याकडं काय होतं?
गणपतीच्या आराशीतली उरलेली पट्टी, तिच्यात सात दाणे जिवंत.
मुखवासाच्या डबीचं लाल झाकण, आरपार दिसणारं.
जुन्या कूलरची वायर. एमसील.
पाणी शिरू नये म्हणून ट्यूबची पट्टी
रसूल पंक्चरवाल्यानं कापून दिली, फुकट,
बघत बसायच्या बोलीवर.

आधी दारावरच्या बेलचं बटण बसवलं ब्रेकखाली.
गाडी उभी, पाय वर, तरी दिवा पेटलेला.
ब्रेक दाबला की विझला.
रसूल म्हणाला, "उल्टा बोल रा ना ये."
दैवशाला कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
"आन कामून?"
कारण ब्रेक मोकळा असताना बटणावर बसतो,
आणि दाबला की उठतो.
हे समजायला मला चहा लागला, दोनदा.

मग माझाच धंदा आठवला.
फ्रिजच्या दारातलं पांढरं बटण, करंगळीच्या नखाएवढं.
दाबलेलं तोवर अंधार,
सुटलं की उजेड.
(गिऱ्हाईक विचारतं, दार लागल्यावर दिवा खरंच विझतो का हो?
मी म्हणतो, विझतो.
आतून कुणी बघितलंय?)
सोडावाल्याच्या मेलेल्या फ्रिजमधून ते काढलं,
ब्रेकच्या बुडाशी पत्र्यात कोंदण करून बसवलं.

ती बसली. दाबला.
मुखवासाचं झाकण डाळिंबासारखं पेटलं.
पण तिला कसं दिसावं?
मान वळवायची तर पाय उचलायचा.
"लागला का?"
लागला.
"आता?"
लागला.
"आता?"
मी मागं उभा, संध्याकाळ होईपर्यंत
हो म्हणत.
आपला दिवा आपल्याला दिसत नाही, बाई,
असं काहीतरी बोलणार होतो,
तेवढ्यात तिनं पैसे मोजले, चिल्लर धरून,
आणि गेली.

दुकानाच्या मागं तूर, तुरीपलीकडं ओढा.
रोज अंधार पडताना एक लाल ठिपका उतारावर येतो,
लागतो, विझतो, लागतो, पलीकडं चढतो.
काल लागला तो लागूनच राहिला.
हातात गॅसची नळी, मी दारात उभा.
टिटवी ओरडत नव्हती. काहीच ओरडत नव्हतं.
पन्नासपर्यंत मोजलं, पुन्हा एकपासून.
मग तुरीच्या कडेनं
लुनाचा पिवळा, मिणमिणता दिवा हलत हलत आला,
लाल ठिपक्याच्या मागं येऊन टेकला.
लाल विझला.
दोघं चढाला लागले.

आत येऊन बघतो तर
नळीतून सू सू करत निम्मा गॅस उडून गेलेला.
चारशेचा फटका.
फ्रिजचं दार उघडंच होतं,
आतला दिवा चालू.